सगळं नेटवर असतं म्हणे!

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून बालगंधर्वांचा आवाज पुसला गेला. हा कबुलीजबाब आधीच देऊन टाकतो. पुढे मी चार लोकांना दोष देणार आहे. त्यात पहिला आरोपी मीच, हे लक्षात असू द्या.

झालं असं, की माळ्यावरून आत्याची तबकड्यांची पेटी खाली काढली. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या, काळ्या, जाड तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं आणि वर कित्येक वर्षांची धूळ. आता या पुसायच्या कशानं? चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्यात विचारायचं काय? नेटवर सगळं असतं!" खरंच होतं. एक सोनेरी केसांचा गृहस्थ हसत हसत स्पिरिट आणि मऊ फडक्यानं तबकडी लख्ख करून दाखवत होता. मीही केली. फडकं काळं झालं. म्हटलं, केवढी ही धूळ! आणखी जोर लावला. तेव्हा कुठे कळलं, की फडक्याला येत होती ती धूळ नव्हे, तबकडीच.

त्या गृहस्थाचं काही चुकलं नव्हतं. तो बोलत होता नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीबद्दल. आमची होती लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कपाटाला पॉलिश करणारा सुतार तेच तर करतो. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण सुताराचा आणि बालगंधर्वांचा संबंध लावून देणारा माणूस वेळेवर हजर नव्हता.

असा माणूस होता. आमच्याच आळीत, तीन घरं सोडून. आळी त्यांना तबकडीकाका म्हणे. त्यांच्याकडे गेलं की आधी चहा आणि मग बोलणी. "अरे बाळ, लोखंडी सुई एका बाजूला एकच! तिथं काटकसर केलीस, तर सुई गाणं खाते." (आमच्याकडे एक सुई गणपतीपासून शिमग्यापर्यंत चाले.) सगळ्या जुन्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरच्या गतीनं वाजवायच्या नसतात, हेही त्यांनीच शिकवलं. सुरुवातीच्या काळात गती पक्की ठरलेली नव्हती. सत्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तरवर लावली, तर काळी एकचा गवई काळी दोनमध्ये जाऊन बसतो, आणि आपण म्हणतो, "काय चढा आवाज होता हो!"

गाणं संपता संपता गौहरजान स्वतःचं नाव का पुकारते? मला वाटे, बाईंचा तोरा. काका म्हणाले, "तोरा कसला? १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं. ते बोटीनं गेलं जर्मनीत हॅनोव्हरला, तबकड्या छापायला. तिथल्या कामगाराला काय कळणार कोण गायलं ते? म्हणून शेवटी नाव." पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला, तेव्हा ती गरज सरली.

काकांकडे एक लांबट वही होती. लेबलाजवळ तबकडीवर कोरलेला बारीक आकडा, आणि त्यापुढे पेटीवर कोण, तबल्यावर कोण. लेबलावर ही नावं सहसा नसत. काकांनी ती म्हाताऱ्या साथीदारांच्या घरी जाऊन, पायऱ्या झिजवून मिळवली होती. काका गेले. तबकड्या एका दुकानदारानं चांगल्या भावात उचलल्या. वही गेली रद्दीत, किलोच्या भावानं. वस्तू वाचली आणि शहाणपण गेलं! आपण मात्र समजतो, की वस्तू काचेच्या कपाटात ठेवली म्हणजे वारसा जपला.

आता दोष वाटून घेऊ.

पहिला दोष 'सगळं नेटवर असतं' म्हणणाऱ्यांचा. नेट म्हणजे काही आकाशातली गंगा नव्हे, नळ आहे. कुणीतरी टाकीत पाणी भरलं असेल, तर येतं. कुणी भरलंच नाही, तर शेजारच्या टाकीतलं येतं, स्पिरिटसारखं.

दुसरा दोष छंदिष्टांचा. काही जण माहितीवर फणा काढून बसतात. जुने उस्ताद म्हणे बंदिशी लपवून ठेवत. यांनी सुईचा नंबरसुद्धा लपवावा? आणि जे काकांसारखे उदार असतात, ते विनयानं मारतात. "कुणाला हवंय रे हे?" अहो, मला हवं होतं! दिवाळीच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेदहाला हवं होतं.

तिसरा दोष व्हॉट्सॲपवर समाधान मानणाऱ्यांचा. तिथं मोलाची गोष्ट सांगावी, तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर सुप्रभातची चाळीस फुलं पडलेली असतात. फुलं वाहून पुरणं यालाच म्हणतात.

कुणी म्हणेल, नेटवर ठेवलेलंही बुडतं. बुडतंच. ऑर्कुट २०१४ साली गेलं, याहू ग्रुप्स २०२० साली. म्हणून तर एका जागी ठेवायचं नसतं. आपल्या आज्यांनी लोणचं कधी एकाच बरणीत भरलं होतं का? कुणी हक्कांची भीती घालील. गाण्यांवरचे हक्क खरेच आहेत; जुन्या तबकड्या नेटवर चढवल्या म्हणून २०२३ साली अमेरिकेत बड्या कंपन्या इंटरनेट अर्काइव्हविरुद्ध कोर्टात गेल्या. पण 'सुई बदला' या वाक्यावर कुठल्या कंपनीचा हक्क आहे? आणि हे जमत नाही म्हणावं, तर मुंबईत १९९० साली निघालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनं नेट घरोघरी येण्याआधी, छापील 'द रेकॉर्ड न्यूज'मधून हेच काम चालवलं होतं. आपल्या तर खिशात कॅमेरा आहे. वहीची पानं टिपायला अर्धा तास लागतो. वहीवाल्याला गाठायला मात्र तो असावा लागतो.

मी माझ्यापुरतं प्रायश्चित्त घेतलं. काकांचं जेवढं आठवलं, तेवढं सतरा कलमांत लिहून तीन ठिकाणी चढवलं. कलम पहिलं: लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, जरासं ओलसर फडकं वापरावं, लेबल भिजू देऊ नये. आठवडाभरात कुण्या अनोळखी गृहस्थानं कळवलं, की तुमचं सहावं कलम साफ चुकलं आहे. चूक दाखवल्याचा इतका आनंद मला लग्नानंतर प्रथमच झाला. काका गेल्यापासून या विषयावर माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं.

परवा चिरंजीव मोबाइल नाचवत आले. "बाबा, लाखेच्या तबकड्या कशा पुसायच्या ते सापडलं बघा. कुणीतरी जाणकारानं लिहिलंय. म्हटलं नव्हतं, नेटवर सगळं असतं?"

मी चष्मा लावून वाचलं. पहिलं कलम माझंच होतं.