नागराज, मुंज्या आणि माझी रूममेट

मागच्या महिन्यात होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये झालेलं महायुद्ध तुम्हाला आठवत असेलच. शनिवार रात्र, रिमोट एक, गट तीन! एका गटाला अ‍ॅनिमे हवं, दुसऱ्याला साऊथचा हिंदीत डब केलेला पिक्चर, तिसऱ्याला मराठी. शेवटी मॅडमनी येऊन टीव्हीच बंद केला आणि तिन्ही गट समाधानाने उपाशी झोपले. पण जाताना कोणीतरी म्हणालं, "काय टेस्ट आहे एकेकीची!" ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. कारण ते म्हणणारी मीच होते.

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख म्हणजे थोडं कन्फेशन आणि थोडी बडबड. भरकटले तर सांभाळून घ्या.

माझं गाव अच्छाड. मुंबईहून अहमदाबादला हायवेने गेलात तर महाराष्ट्रातलं शेवटचं. पुढे लगेच गुजरात सुरू. बाबांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. मी लहान असताना नाक्यावर ट्रकच्या लांबच लांब रांगा लागायच्या. ड्रायव्हर लोकांना वेळच वेळ, आणि त्यांच्या केबिनमध्ये सीटखाली काय काय असायचं! त्यातले एक ड्रायव्हर काका कानपूरकडचे. ते प्रत्येक खेपेला माझ्यासाठी वाचून झालेल्या राज कॉमिक्स ठेवून जायचे. नागराज, सुपर कमांडो ध्रुव... ग्रीसच्या बोटांचे ठसे पानापानावर! मी हिंदी वाचायला शाळेत नाही, टायरच्या ढिगाऱ्यावर बसून शिकले.

नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा. म्हणजे दोघंही माझ्यापेक्षा बरेच मोठे. पण मला ध्रुव जास्त आवडायचा, कारण त्याच्याकडे कुठलीही अद्भुत शक्ती नव्हती. सर्कशीत वाढलेला मुलगा, डोकं चालवायचा, प्राण्यापक्ष्यांशी बोलायचा, आणि हाताशी असेल त्या वस्तूंतून मार्ग काढायचा. इंजिनीअरिंगला का आलीस असं इंटरव्ह्यूत विचारतात ना, त्याचं खरं उत्तर हे आहे. (देता येत नाही, ही गोष्ट वेगळी.)

मग मी कॉन्व्हेंटमध्ये. तिथे पहिल्याच वर्षी कळलं की कॉमिक्सचीही जात असते. इंग्लिश 'टिंकल' दप्तरात सापडलं तर बाई हसून परत द्यायच्या. नागराज सापडला तर थेट डायरीत शेरा! दोन्हीकडे चित्रंच, दोन्हीकडे फुगेच. फरक फक्त फुग्यातल्या भाषेचा. मी पटकन शहाणी झाले. वर्गात विचारलं की सांगायचे, "आय रीड ओन्ली इंग्लिश." आणि घरी येऊन टायरवर बसायचे.

गंमत बघा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली त्यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाची आई कोण हे सांगता येईना. म्हणजे लाज आणि आवड यांची ही सरमिसळ काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. आणि रामाचं म्हणाल तर रामानंद सागर यांचं 'रामायण' १९८७-८८ मध्ये लागायचं, त्याचं शूटिंग आमच्या शेजारच्या उंबरगावला झालं. बाबा तेव्हा शाळकरी. सायकल मारत बघायला गेले होते. ते सांगतात, वानरसेनेतले दोघे शेपटी खांद्यावर टाकून बिडी ओढत बसले होते! तरी रविवारी सकाळी तीच वानरसेना टीव्हीवर आली की घरातले सगळे हात जोडायचे, बाबासुद्धा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं. मी दहावीला होते. ते बाण हवेत एकमेकांवर आपटताना बघून मी फिदीफिदी हसले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त आवाज थोडा कमी केला. आज वाटतं, मी बाणांना हसत होते, पण लागले ते बाबांना.

आवड बदलते कशी, यावर माझी साधी थिअरी आहे. ती आपोआप बदलत नाही, स्वस्ताईने बदलते आणि लाजेने बदलते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. वर्षभरात ड्रायव्हर लोकांच्या हातात कॉमिक्सऐवजी मोबाईल दिसायला लागले. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, नाक्यावरच्या रांगाही पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. माझा पुरवठा बंद! कोणाची अभिरुची खालावली किंवा सुधारली नाही, फक्त डेटा पुस्तकापेक्षा स्वस्त झाला.

लाजेचं गणित मात्र जास्त विचित्र. आपण लहानपणी शिनचॅन बघायचो तेव्हा घरचे ओरडायचे, "काय ते कार्टून!" तेच जपानी कार्टून आता अ‍ॅनिमे झालंय. २०२५ च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा पिक्चर आला, तेव्हा आपल्याच होस्टेलच्या मुली पहाटे उठून थिएटरला गेल्या. (आठच्या लेक्चरला उठत नाहीत, हो!) भुताच्या गोष्टी गावठी म्हणून आपण नाक मुरडायचो, आणि २०२४ मध्ये 'मुंज्या' आला तर कोकणातलं ते पिंपळावरचं भूत एकदम कूल! तोच दिग्दर्शक, आदित्य सरपोतदार, २०१७ मध्ये भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेला घेऊन 'फास्टर फेणे' करून गेला होता. तेव्हा माझ्या वर्गात कोणालाच तो बघायचा नव्हता, मराठी होता ना! वस्तू तीच असते, फक्त शिक्का बदलतो.

आता मुद्द्यावर येते. माझी रूममेट तलासरीकडच्या एका पाड्यावरची. फर्स्ट इयरला पहिल्याच आठवड्यात तिने मोबाईलवर डब केलेला पिक्चर लावला. हिरो एका लाथेत तीन गाड्या उडवत होता. मी म्हणाले, "असलं काय बघतेस गं?" तिने लगेच बंद केला. भांडली नाही, रुसली नाही. पण त्यानंतर दीड वर्ष ती पांघरुणात शिरून, इअरफोन लावून बघते. मी तिला मोठ्याने हसताना ऐकलेलं नाही.

आणि त्याच वर्षी आपल्या फेस्टच्या टी-शर्टवर वारली चित्र होतं. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल नाचणारी माणसं. सगळ्यांनी मिरवला, मीसुद्धा. तिची आजी लग्नघरात भिंतीवर चौक लिहायला जाते, तांदळाच्या पिठाने. पूर्वी हे काम सवाशिणींचंच. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता सांगा, माणसं, झाडं, जनावरं, शिकार, लग्न, सगळं चित्रांतून सांगणारी ती भिंत म्हणजे चौकटी नसलेलं कॉमिकच नाही का? चित्र आम्हाला छातीवर चालतं, आणि त्या घरातली मुलगी काय बघते यावर आम्ही हसतो.

कोणी म्हणेल, मग काय सगळंच चांगलं म्हणायचं? मुळीच नाही. माझ्या लाडक्या कॉमिक्समध्ये मुली बहुतेक वेळा किंचाळण्यापुरत्याच असायच्या, हे मला आता दिसतं. डब पिक्चरमधल्या कित्येक गोष्टींचा राग येतो. तो जरूर सांगावा. पण आधी बघून, आणि गोष्टीबद्दल सांगावा. बघणारीबद्दल नको. "हा सीन फालतू आहे" याला उत्तर देता येतं, भांडता येतं. "काय टेस्ट आहे तुझी" याला उत्तर नसतं, फक्त इअरफोन असतात.

म्हणून दोन सूचना. एक, टीव्ही रूममध्ये शनिवारची पाळी लावूया, आणि जिची पाळी तिचा पिक्चर सगळ्यांनी निदान इंटरव्हलपर्यंत बघायचा. दोन, रीडिंग रूममध्ये एक कप्पा कॉमिक्सचा करूया. चिंटू, चांदोबाचे जुने अंक, टिंकल, नागराज, जे घरी पडलं असेल ते प्रत्येकाने आणावं. मॅडम, परवानगी द्याल ना?

त्या कप्प्यात माझी कॉमिक्स मात्र नसतील. दहावीनंतर मी ती पेटीभर रद्दीत घातली, किलोवर. कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी घरी येणार होत्या.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी सांगितलं, कानपूरवाले काका येऊन गेले. केस पांढरे झालेत. टायर काढता काढता त्यांनी विचारलं होतं, "बिटिया अब भी पढ़ती है हमारी किताबें?"

बाबा म्हणाले, "हां, सब संभाल के रखी हैं."

सुट्टी संपवून आले त्या रात्री मी रूममेटला म्हणाले, "इअरफोन काढ ना, मलापण बघायचंय." तिने दोन मिनिटं माझ्याकडे नुसतं बघितलं, मी चेष्टा करतेय का ते. मग सरकून जागा दिली.

पिक्चर तसा भंगार होता. पण गाड्या उडाल्या तेव्हा आम्ही दोघी जाम हसलो.