चार अंकांची साक्ष

आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवानें गेल्या महिन्यांत मोटारसायकल घेतली. गाडीला हार पडला, चाकाखालीं लिंबें गेलीं, पेढे वांटून झाले, आणि सर्व यथासांग आटोपल्यावर चिरंजीव हातांत एक कागद घेऊन माझ्यापुढें उभे राहिले. "आजोबा, ४१४१ नंबर मिळाला. पसंतीचा म्हणून वेगळी फी भरली. आतां पाटी अशी करून घेणार." कागदावर इंग्रजी वळणाच्या चाराची शेपटी खालीं ओढून, एकास काना समजून, वर एक शिरोरेघ अशी मारली होती कीं अंक लोपून 'दादा' हा शब्दच डोळ्यांत भरावा. आधींचीं अक्षरें कोठें आहेत म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें कोंपऱ्यांत बोट ठेविलें. तेथें मुंगीच्या रांगेएवढी एक ओळ होती.

हा प्रकार वाचकांस नवा नाहीं. २१४ चा 'राम' आणि ४१४१ चा 'दादा' आपल्याकडील रस्त्यांवर नित्य दिसतात. संस्कृताचा जुना विद्यार्थी या नात्यानें मला त्याचें थोडें हसूंही येतें. आपल्या पूर्वजांनीं कटपयादि नांवाची युक्ति काढून अक्षरांवरून अंक सांगण्याची सोय केली होती. तींत र म्हणजे दोन, म म्हणजे पांच, आणि अंक उजवीकडून डावीकडे घ्यावयाचे. तेव्हां 'राम' म्हणजे बावन्न. नियम ठरलेला, म्हणून केरळांतील ज्योतिष्यानें योजिलेला शब्द दूरच्या जाणत्यासही उलगडे. आमच्या चिरंजीवांच्या विद्येंत नियम नाहीं, नुसतें वळण आहे.

मी त्यास रागें भरलों नाहीं. पाटी वाचतां येते का, एवढेंच विचारलें. "त्यांत काय येत नाहीं?" असें म्हणून त्यानें एम एच १२ पासून भराभर म्हणून दाखविलें. म्हणणें निराळें आणि वाचणें निराळें. या सदरांत पूर्वीं पिनकोडाविषयीं लिहिलें होतें, तेव्हांही हेंच जाणवलें होतें कीं, रोजच्या दृष्टीस पडणारी गोष्ट आपण सर्वांत कमी वाचतों.

पाटीवरील पहिलीं दोन अक्षरें राज्याचीं. एम एच म्हणजे महाराष्ट्र, जी ए म्हणजे गोवा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजीं अमलांत आला, तेव्हांपासूनची ही रीत. त्यापूर्वीं तीन अक्षरें आणि पुढें अंक असत. कोणाच्या परसांत जुनी स्कूटर गंजत पडली असेल तर अजून पाहतां येईल. या दोन अक्षरांत देशाचा अलीकडचा इतिहासही हळूच उमटलेला आहे. उत्तरांचलाचें उत्तराखंड झालें आणि २००७ सालीं यू ए जाऊन यू के आलें. ओरिसाचें ओडिशा झालें आणि २०१२ पासून ओ आर च्या जागीं ओ डी. तेलंगणानें तर दहा वर्षांत दोन जोड्या वापरल्या, २०१४ सालीं टी एस आणि २०२४ पासून टी जी. जुन्या गाड्या मात्र जुनींच अक्षरें घेऊन फिरत राहतात, त्यामुळें एकाच राज्याच्या दोन पिढ्या चौकांत शेजारीं शेजारीं उभ्या दिसतात.

पुढील दोन अंक म्हणजे गाडी ज्या परिवहन कचेरींत नोंदली गेली ती कचेरी. १२ पुणें, १४ पिंपरी-चिंचवड, ०९ कोल्हापूर, १५ नाशिक, ३१ नागपूर. आमच्या वहिनींना हे अंक मुखोद्गत. लग्नकार्याच्या दिवशीं ओटीवर बसून गल्लीच्या तोंडाशीं आलेल्या गाडीवरूनच त्या सांगत, "शून्य आठ आहे, रत्नागिरीकडचीं मंडळी आलीं, पेट्या उतरवायला मुलांना धाडा." आणि बहुतेक खरें ठरे, कारण मालक राहतो त्या ठिकाणच्या कचेरींत गाडी नोंदवावी असें कायद्याचें तेव्हां सांगणें होतें. गाडी परराज्यांत बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तेथें नवा क्रमांक घ्यावा लागतो. वारंवार बदल्या होणाऱ्यांसाठीं २०२१ पासून बी एच ही निराळी मालिका निघाली आहे. तींत प्रथम वर्षाचे दोन अंक, मग बी एच, मग चार अंक व शेवटीं अक्षरें. अशा गाडीकडे पाहून पाहुणे कोठले हें वहिनींनाही सांगतां येणार नाहीं!

त्यानंतर मालिकेचीं अक्षरें आणि शेवटीं चार अंक. मालिकेंत आय आणि ओ हीं अक्षरें वापरीत नाहींत, कारण तीं एक व शून्य यांसारखीं दिसतात. उरलीं चोवीस. दोन अक्षरांच्या जोड्या होतात ५७६, आणि प्रत्येक जोडीस १ ते ९९९९ असे क्रमांक. म्हणजे एका कचेरीच्या पोटांत साडेसत्तावन लाखांहून अधिक गाड्या सामावतील. हा हिशेब मीं चिरंजीवांकडूनच करविला. गुणाकार बरोबर आला. मग विचारलें, "मग एका पुण्यांत ४१४१ किती निघतील?" तो थबकला. प्रत्येक जोडीस एक, म्हणजे मालिका संपेतों पांचशें शहात्तर. "आणि पाटीवर नुसता दादाच दिसत असेल तर?" यावर तो कांहीं बोलला नाहीं, आणि मला जें सांगावयाचें होतें तें त्याच्या तोंडावर आलेलें मीं पाहिलें.

वहिनींस २०२३ सालीं संध्याकाळच्या वेळीं देवळांतून परततांना एका मोटारसायकलीनें पाडलें. गाडी थांबली नाहीं. कोंपऱ्यावरच्या भाजीवालीनें पाहिलें, शिकवणीहून येणाऱ्या दोन मुलांनीं पाहिलें, आणि विचारतांच तिघांनीं एकमुखानें सांगितलें, "दादा लिहिलं होतं!" जबाब घेणाऱ्या शिपायानें शांतपणें विचारलें, त्याच्या आधीं काय होतें? तें कोणासच वाचतां आलें नव्हतें. तिघेही डोळस, तिघेही साक्षर. पाटीनें आपली शोभा सर्वांच्या स्मरणांत ठेविली आणि आपलें काम केलें नाहीं.

खुब्याचें हाड मोडलें होतें. वहिनी तीन महिने अंथरुणावर होत्या, आणि अजून काठीवांचून ओटीही उतरत नाहींत. गाडी सापडली नाहीं. घरोघरीं ठाऊक असावी अशी एक गोष्ट मला तेव्हां कळली. प्रत्येक वाहनास तिऱ्हाइतासाठींचा, ज्यास थर्ड पार्टी म्हणतात तो, विमा सक्तीचा आहे. वाहन ओळखूं आलें तर अपघात-दाव्यांचें न्यायाधिकरण दुखापत, औषधपाणी, पुढील आयुष्याची हानि असें सर्व पाहून रक्कम ठरवितें, आणि ती विमा कंपनीस भरावी लागते. वाहन ओळखूं न आलें तर सरकारी योजनेंतून ठराविक भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये आहे. पूर्वीं तर हीच २५,००० व १२,५०० होती. शस्त्रक्रियेचें बिल मीं पाहिलें आहे, म्हणून अधिक लिहीत नाहीं. एवढेंच कीं, तीं न वाचलेलीं चार-सहा चिन्हें आमच्या घरास बरीच महाग पडलीं.

पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ सालीं वाहनांस पाटी लावण्याचा हुकूम काढला, तेव्हां तिच्यावर क्रमांकासह मालकाचें नांव व पत्ताही लिहावयाचा असे. पुढें नांव-पत्ता कचेरीच्या वहींत गेला आणि गाडीवर क्रमांक उरला. इंग्लंडांत ही व्यवस्था १ जानेवारी १९०४ पासून, आपल्याकडे साऱ्या देशासाठीं पहिला कायदा १९१४ चा. हें सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, "मग नांव लिहिलं तर चांगलंच कीं!" उत्तर हजरजबाबी खरें, पण 'दादा' हें नांव नव्हे, नि त्यावर पत्ताही नाहीं. क्रमांक हा आपल्या घराचाच पत्ता आहे, आणि तो वाचण्याची वेळ आपल्यावर येत नसते, रस्त्यांत पडलेल्यावर येते.

म्हणूनच नियम इतके बारीक आहेत. मोटारीच्या पाटीवरील अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १० आणि दोहोंमधील अंतर १०. अक्षरें इंग्रजी, अंकही त्याच वळणाचे. यावर आमच्या कांहीं स्नेह्यांचा राग आहे, आणि मराठीच्या अभिमानांत मी त्यांच्या मागें नाहीं; तथापि आपली गाडी मदुरेस गेली तर तेथल्या पोलिसासही ती वाचतां आली पाहिजे. खाजगी गाडीस पांढरी पाटी, भाड्याच्या गाडीस पिवळी, विजेवर चालणारीस हिरवी, परदेशी वकिलातीच्या गाडीस निळी. लष्करी गाडीवर वर तोंड केलेला बाण. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीस जी पाटी येते ती ॲल्युमिनियमची, कोंपऱ्यांत अशोकचक्राची चकाकती मुद्रा, लेसरनें कोरलेला वेगळा अंक, आणि एकदां बसविली कीं मोडल्यावांचून न निघणारी कुलुपी खीळ. जुन्या गाड्यांसही ती लावण्याबद्दल २०२५ सालीं महाराष्ट्रांत बरीच धांवपळ झाली आणि मुदती वाढत गेल्या, हें वाचकांस स्मरत असेलच. चिरंजीवांचा बेत ती खीळ तोडून रंगविलेली पाटी लावण्याचा होता. मूळची पाटी ते कपाटांत जपून ठेवणार होते!

त्यानें तो कागद घडी करून खिशांत घातला व निघून गेला. फाडला नाहीं, एकोणिसाव्या वर्षीं आजोबांसमोर कोण फाडतो? दुसरे दिवशीं सकाळीं गाडी अंगणांत उभी होती आणि कचेरीनें दिलेलीच पाटी तिच्यावर होती. वहिनी काठी टेंकीत ओटीच्या कडेपर्यंत आल्या. चष्मा देवघरांतच राहिला होता. त्यांनीं डोळे बारीक करून, एक एक चिन्ह सुटें करीत, एम एच पासून शेवटल्या एकापर्यंत सारी पाटी मोठ्यानें वाचली, आणि म्हणाल्या, "मला इथून दिसतें आहे रे."