आगीवरचे आकाश कुणाच्या हुकमात?

वर्दीवर पोहोचलेला स्टेशन ऑफिसर पहिल्या काही मिनिटांत जे हुकूम सोडतो, ते एरवी कुणी सोडले तर गुन्हा ठरेल. दुसऱ्याच्या घराचे दार तोडणे, शेजारच्या सोसायटीच्या टाकीतले पाणी उचलणे, आडवी लावलेली मोटार ओढून काढणे, रस्ता बंद करणे, प्रसंगी घरमालकालाच त्याच्या घरापासून दूर ठेवणे. जीव वाचवण्यासाठी ही मुभा अग्निशमन कायदे देतात. राज्याराज्यांत शब्द थोडे वेगळे, आशय एकच. ब्रिटनच्या 2004 च्या कायद्याचे कलम 44 तर जवानाला वाजवी कारणाने आवश्यक वाटेल ते करू देते.

या मुभेची कल्पना करताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जमीन होती. आज इमारतीला आग लागली की बघ्यांच्या गर्दीबरोबर वर ड्रोनही येतो. शिडीच्या टोकाला पिंजऱ्यात उभ्या असलेल्या जवानाच्या डोक्याशी तो घिरट्या घालू लागला, तर खाली उभ्या अधिकाऱ्याने काय करायचे?

25 ऑगस्ट 2021 रोजी लागू झालेले ड्रोन नियम वाचून पाहा. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगी लागत नाही. तातडीची गरज असेल तर एखाद्या भागाला तात्पुरते लाल, म्हणजे उड्डाणबंदीचे, क्षेत्र जाहीर करता येते, पण तो अधिकार राज्य शासन, केंद्रशासित प्रशासन किंवा कायदा अंमलबजावणी यंत्रणेचा, आणि जाहीर करणारा अधिकारी पोलीस अधीक्षक वा त्या तोलाच्या दर्जाखालचा नसावा लागतो. घोषणा ‘डिजिटल स्काय’ या ऑनलाइन मंचावर करावी लागते. या साखळीत अग्निशमन अधिकाऱ्याचे नाव कुठेच नाही. रात्री दोन वाजता आग विझवायची, की पोलीस उपायुक्तांना शोधायचे?

भारतीय न्याय संहितेचे कलम 221 आहे, असे कुणी म्हणेल. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे खरे. पण ती शिक्षा नंतरची. हवेतले यंत्र त्या क्षणी खाली उतरवण्याचा हुकूम त्या कलमातून मिळत नाही. अधिकाऱ्याने ते पाण्याच्या जेटने पाडले, तर कायद्यातले सद्‌हेतूचे संरक्षण त्याला लागू होईल की नाही, यावर वकील बराच काळ वाद घालू शकतील. कॅलिफोर्नियाने हा प्रश्न 2016 मध्येच सोडवला. मदतकार्यात अडथळा आणणाऱ्या ड्रोनचे नुकसान झाल्यास आपत्कालीन कर्मचाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही, असा कायदा तिथे झाला.

धोका कल्पनेतला नाही. 9 जानेवारी 2025 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स वणव्यावर क्युबेकहून आलेल्या पाणीफेक विमानाच्या पंखाला एका हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडले आणि ऐन वणव्यात ते विमान जमिनीवर बसले. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादईच्या जंगलातला वणवा विझवायला हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. तसा प्रसंग आपल्याकडे पुन्हा येणारच आहे.

हुकूम कुणाचा हे ठरलेले नसले की काय होते, हे आपल्या सेवेला कुणी शिकवायला नको. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटले, तेव्हा ते बुडवावे असे कुणाला वाटत होते, तर ते ओढून बाहेर न्यावे असे कुणाला. जवान पाणी मारत राहिले. अंतिम शब्द कुणाचा, हे दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी झालेल्या स्फोटापर्यंत ठरले नाही. आपले 66 जवान गेले.

एक शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये. असा अधिकार मिळाला की दलाचे अपयश झाकायलाही तो वापरला जाईल, पत्रकाराचा कॅमेरा ‘सुरक्षेसाठी’ हटवला जाईल. म्हणून अधिकार मागताना त्याची मर्यादाही आपणच मागितली पाहिजे. आग आणि बचाव चालू असेपर्यंतच, घटनास्थळाच्या ठरलेल्या परिघात, वेळ आणि कारण नोंदवून. दूर उभे राहून चित्रण करणाऱ्याला हात लावण्याची मुभा आम्हाला नको. दलाचा स्वतःचा उष्णता टिपणारा ड्रोन वर असताना तर ही शिस्त आणखी गरजेची, कारण दोन यंत्रे एका धुरात उडू लागली तर नुकसान आपलेच.

2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम मुख्यतः आगीआधीच्या कामासाठी आहे: तपासणी, नोटीस, जानेवारी आणि जुलैचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र. तो लिहिताना ड्रोन कुणाच्या मनात नव्हता. आता घटनास्थळ प्रभारी अधिकाऱ्याला खालच्या हवेवरचा तात्पुरता हुकूम देणारे कलम राज्याने त्यात घालावे, आणि तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकणाऱ्यांत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचा समावेश केंद्राने करावा.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याने आपल्या पोलीस आयुक्तालयाशी किंवा अधीक्षक कार्यालयाशी लेखी ठरवून घ्यावे की मोठ्या वर्दीला नियंत्रण कक्षातून कुणाला फोन जाईल आणि लाल क्षेत्र कोण जाहीर करील. आगीवर ड्रोन दिसला, तर आगीच्या अहवालात वेळेसह त्याची नोंद करा. नोंदी नसतील तर मंत्रालयात आपली मागणी कुणी ऐकणार नाही. नोंद केलेल्या घटना आमच्याकडेही पाठवा, त्या या मासिकात छापू.