गेल्या वर्षी उंची किती होती?

ठाण्यात कळवा पुलापलीकडे, साकेत मैदानावर पोलीस भरती लागली की खारेगाव-विटाव्याची मुलेमुली पहाटे धावायला बाहेर पडतात. शिपाई व्हायचे तर मुलाला १६५ सेंटिमीटर उंची लागते, मुलीला १५५. धावण्याचा सराव करता येतो, गोळाफेकीचा करता येतो, लेखी परीक्षेचे क्लास लावता येतात. उंचीचे तसे नाही. एकोणिसाव्या वर्षी दोन सेंटिमीटर कमी भरलेला मुलगा मग बारला लटकतो, दोरीवरच्या उड्या मारतो आणि घरच्यांच्या पैशातून कसल्या कसल्या पावडरीचे डबे आणतो. त्याच्या हाडांची वाढ दोन-तीन वर्षांपूर्वीच थांबलेली असते आणि हे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

मांडीच्या, नडगीच्या आणि हाताच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी वाढतात, एकीवर एक रचल्या जातात, मागच्या कूर्चेचे हाड होत जाते आणि हाड लांबते. वयात येण्याच्या शेवटी हा थरच हाड होऊन जातो. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या वर्षी, मुलांमध्ये सोळा-सतराव्या, एखाद-दोन वर्षे इकडेतिकडे. तो बंद करणारे मुख्य संप्रेरक मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेनच असते. १९९४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. तो २०४ सेंटिमीटर उंच झाला होता आणि अजून वाढतच होता.

थर एकदा बंद झाला की कोणतीही पावडर, तेल वा व्यायाम हाड लांबवू शकत नाही. सकाळी उठल्यावर आपण सेंटिमीटरभर उंच भरतो, कारण झोपेत मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार उतरतो आणि त्या फुगतात. संध्याकाळपर्यंत तेवढी उंची जाते. लटकून वाढल्यासारखी वाटणारी उंची ती हीच. आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात लहानांची वा मोठ्यांची उंची वाढवण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही असे दावे मुलांच्या मोबाइलवर रोज येऊन आदळतात. त्यांना आळा घालणे हे सरकारचे काम आहे आणि ते नीट होत नाही.

पण खरे नुकसान त्याआधीच्या वर्षांत होते. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. मग मुली अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलगे तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात, वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटरपर्यंत. पाळी सुरू झाल्यावर मुलीची बहुधा पाच-सात सेंटिमीटरच वाढ उरते. ‘पाळी आली, आता उंच होईल’ असे आपल्या घराघरांत म्हणतात. घडते त्याच्या उलट. वयात येण्यापूर्वी वर्षभरात चार सेंटिमीटरही न वाढणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. थायरॉइड कमी असेल, गहू सोसत नसेल, वाढीचे संप्रेरक कमी पडत असेल, मुलीला टर्नर सिंड्रोम असेल. यातल्या थायरॉइडवर तर रोजची एक स्वस्त गोळी पुरते. मात्र ग्रोथ प्लेट उघडी असेपर्यंतच तिचा उंचीला उपयोग.

नुसत्या नजरेने पाहू गेले तर फसगत होते. तिसरीत सगळ्यांत उंच असलेल्या मुलीचे कौतुक होते. पण आठ वर्षांच्या आतच ती वयात येऊ लागली असेल तर तिची हाडे वयाच्या पुढे धावत असतात, वाढ लवकर थांबते आणि दहावीत तीच सर्वांत बुटकी ठरू शकते. उलट नववीत पहिल्या रांगेत उभा राहणारा, अजून मिसरूड न फुटलेला मुलगा बापासारखा उशिरा वाढणारा असू शकतो. त्याला औषधाची नव्हे, दोन वर्षांची आणि घरच्यांनी धीर देण्याची गरज असते. या दोघांतला फरक डाव्या हाताच्या पंजाच्या आणि मनगटाच्या एका साध्या एक्स-रेत दिसतो. बाकी बहुतेकांची उंची आईबापांवर जाते. दोघांच्या उंचीची बेरीज करा, मुलासाठी तिच्यात तेरा सेंटिमीटर मिळवा, मुलीसाठी तेरा वजा करा आणि निम्मे करा. मूल बहुधा त्या आकड्याच्या आसपास थांबते.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतोच. अनेकदा तो मुलालाच विचारून भरला जातो आणि यंदाच्या आकड्यातून मागच्या वर्षीचा आकडा कोणी वजा करत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. पण ज्या वयात एका वर्षात सगळे बदलते, तिथे एकदा पुरत नाही आणि खासगी शाळा तर तिच्याबाहेरच आहेत. भारतीय मुलांसाठीचे वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारून दिले. त्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचे मोठे काम आहे. ते तक्ते वर्गापर्यंत पोचलेले नाहीत.

ठाणे महापालिकेने आपल्या शाळांपासून सुरुवात करावी. तिसरी ते नववीच्या प्रत्येक मुलाची उंची जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये मोजावी: भिंतीवर पक्की पट्टी, अनवाणी पाय, टाचा भिंतीला टेकलेल्या, शक्यतो दिवसाची एकच वेळ. वाढ मंद दिसेल किंवा अवेळी वेगाने होताना दिसेल, त्या मुलाच्या पालकांना चिठ्ठी देऊन कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातील बालरोग विभागाकडे पाठवावे. पालिकेचेच रुग्णालय आहे, मुलांच्या दाराशी आहे. मोजमाप मात्र एकेका मुलाला बाजूला बोलावून घ्यावे आणि आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. या वयात मुले उंचीवरून एकमेकांना फार लागेल असे बोलतात.