कर्णमूलातील गाठ आणि आपले कर्तव्य

कानाच्या पाळीखाली अथवा जबड्याच्या कोनाशी न दुखणारी गाठ घेऊन आलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढतो आणि कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या व एखादा लेप घेऊन परततो. या योजनेस ग्रंथाधार नाही असे नव्हे. शारंगधराने या कल्पाच्या फलश्रुतीत गंडमाला, अपची व ग्रंथी यांच्यासह अर्बुदाचाही निर्देश केला आहे. प्रश्न कल्पाचा नसून निदानाचा आहे. गाठ कशाची हे न ठरविता महिनोन्‌महिने औषध चालू ठेवण्याची प्रथा थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लालाग्रंथींची बहुसंख्य अर्बुदे कर्णमूलातील पॅरोटिड ग्रंथीत उद्भवतात व तेथील सुमारे ८० टक्के सौम्य असतात. जबड्याखालील ग्रंथीत मात्र घातक अर्बुदांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. टाळू, ओठ येथील लहान ग्रंथींत ते त्याहूनही अधिक असते. ग्रंथी जितकी लहान तितका संशय मोठा, हे सूत्र ध्यानी ठेवावे. ‘सौम्य’ या शब्दावरही विसंबून चालत नाही. सर्वाधिक आढळणारे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा दीर्घकाळ तसेच राहिल्यास काही रुग्णांत त्यातूनच कर्करोग उद्भवतो.

येथेच वैद्याची फसगत होते. गाठ सहा महिने वाढली नाही, म्हणजे औषध लागू पडले असे वाटते. वस्तुतः मंदगती हा त्या व्याधीचाच स्वभाव असतो. गोल, स्थिर, अल्पवेदनायुक्त, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे, असे अर्बुदाचे वर्णन सुश्रुताने निदानस्थानात केलेच आहे.

जेवताना फुगून नंतर उतरणारी सूज बहुधा अश्मरीची असते; ज्वर व वेदनेसह येणारी सूज गालगुंडाची असू शकते. परंतु दोन-तीन आठवड्यांत न ओसरणाऱ्या गाठीची सोनोग्राफी व बारीक सुईने पेशी काढून होणारी एफएनएसी ही तपासणी करवून घेण्यास विलंब नको. सुई लावल्याने गाठ चिघळते, हा रुग्णांचा समज आपणच दूर केला पाहिजे. गाठ त्वरेने वाढू लागणे, तिच्यात वेदना होणे, ती घट्ट चिकटणे, गळ्यात दुसऱ्या गाठी येणे ही धोक्याची लक्षणे होत. गाठीच्या बाजूचा चेहरा वाकडा झाल्यास त्यास केवळ अर्दित समजून नस्य व स्नेहन करीत बसणे हा अक्षम्य प्रमाद ठरेल. अर्बुदाने चेहऱ्याच्या मज्जातंतूस ग्रासल्याची ती खूण असू शकते. अशा गाठीवर जळवा, क्षार, अग्निकर्म वा चीर यांचा प्रयोग कदापि करू नये.

उपचारात शस्त्रकर्मच प्रमुख आहे. अर्बुद अवशिष्ट राहिल्यास पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, ही सुश्रुताची चिकित्सास्थानातील आज्ञा आजच्या शल्यचिकित्सेशी तंतोतंत जुळते. ॲडिनोमा नुसता सोलून काढल्यास तो पुनःपुन्हा उद्भवतो, हे अनुभवास आल्यावर मज्जातंतू जपून सभोवतालच्या ग्रंथिभागासह तो काढण्याची पद्धती रूढ झाली. घातक प्रकारांत गरजेनुसार किरणोपचारांची जोड द्यावी लागते.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनाही एक विनंती. ‘गाठ विरघळविणारे’ अशा वेष्टनावरील वा फलकावरील शब्दांनी रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. कर्करोग व अर्बुद बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने मनाई आहे, याचेही स्मरण असावे. गाठीसाठी तेच औषध वारंवार नेणाऱ्या ग्राहकास ‘तपासणी झाली का?’ एवढे विचारणे ही मोठीच सेवा होईल.

याचा अर्थ आयुर्वेदास येथे स्थान नाही असा मुळीच नाही. किरणोपचारांनंतरचा मुखशोष, अरुची, बलक्षय यांत गंडूष, पथ्याहार व अग्निरक्षण यांच्या योगे रुग्णास साहाय्य करता येईल. मात्र ते शल्यवैद्यास कळवूनच करावे. रोगाची परीक्षा आधी व औषध नंतर, हा आपल्याच शास्त्राचा क्रम आहे. तो पाळून वेळीच लिहिलेली संदर्भचिठ्ठी वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही, उलट वाढविते.