राज्यशास्त्राचा विद्यार्थी आणि मूळ कागद

बंगळूरच्या मराठी घरांत मुलाने किंवा मुलीने बी. ए.ला राज्यशास्त्र घेतले की एकच प्रश्न विचारला जातो : "म्हणजे यूपीएससी करायचे आहे का?" उत्तर होकारार्थी असेल तर ही विषयनिवड क्षम्य ठरते. नकारार्थी असेल तर घरात काळजीचे वातावरण पसरते. मी स्वतः अर्थशास्त्राचा विद्यार्थी. केंद्र शासनाच्या सेवेत तीन दशके होत आली, आणि त्यांतली बरीच वर्षे याच शहरात गेली. त्या अनुभवाच्या आधारे पालकांना, आणि त्याहीपेक्षा महाविद्यालयांना, स्पष्टच सांगावेसे वाटते की राज्यशास्त्राच्या पदवीला स्पर्धापरीक्षेचे प्रतीक्षालय बनवून आपण त्या विषयाचेही नुकसान करीत आहोत आणि प्रशासनाचेही.

येथील काही महाविद्यालयांत व्याख्यानाच्या निमित्ताने जाणे होते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीविषयी विचारले की उत्तरे धडाधड येतात. वर्ष १९९२, अनुसूची बारावी, विषय अठरा. सगळे बरोबर. मग मी विचारतो की तुमच्या स्वतःच्या शहरात निवडून आलेले नगरसेवक किती वर्षे नव्हते, आणि ते कोणत्या कारणाने? येथे वर्ग शांत होतो. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याची तक्रार एका प्राध्यापकांनी नंतर माझ्याकडे केली. ती तक्रार मला उत्तरापेक्षाही बोलकी वाटली.

हा प्रश्न खरोखर सोडवायचा झाला तर काय करावे लागते ते पाहू. बृहत् बंगळूरु महानगरपालिकेची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली, सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढील पाच वर्षांत निवडणूक झाली नाही आणि २०२५ मध्ये ती महापालिकाच पाच महापालिकांत विभागली गेली. संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हेच बजावले होते. मग असे घडले कसे? त्यासाठी २०२० चा महापालिका कायदा वाचावा लागतो, प्रभागरचनेच्या अधिसूचना वाचाव्या लागतात, डिसेंबर २०२० मधील उच्च न्यायालयाचा निवडणूक घेण्याचा आदेश आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलेली स्थगिती वाचावी लागते. इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावणारा मार्च २०२१ चा निकाल महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या प्रकरणातला. त्याची झळ येथेही पोहोचली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. तेव्हा हा कानडी मुलुखाचा दोष म्हणून हसण्याचे कारण आपल्याला नाही.

आता आकड्यांकडे. प्रभाग १९८ होते, ते २४३ करण्याचे ठरले, पुढे २२५ झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८४ लाख ४० हजार. म्हणजे एका प्रभागामागे सरासरी अनुक्रमे सुमारे ४२ हजार ६००, ३४ हजार ७०० आणि ३७ हजार ५०० माणसे. हा भागाकार पाचवीच्या मुलालाही येतो. पदवीच्या विद्यार्थ्याने पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. सरासरीभोवती प्रत्यक्ष प्रभाग किती लहानमोठे आहेत? दशकापूर्वीच्या जनगणनेवर प्रभाग आखले तर झपाट्याने वाढलेल्या बाहेरच्या वस्त्यांचे मत किती हलके होते? संख्या बदलल्याने काम कोणाचे वाढले आणि वेळ कोणाला मिळाला? राज्यशास्त्र येथे सुरू होते. "मला अंक जमत नाहीत म्हणून मी कलाशाखेत आलो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा आता राग येतो. अंदाजपत्रक वाचता न येणारा राज्यशास्त्राचा पदवीधर म्हणजे नाडी न पाहता औषध देणारा वैद्य.

ही अपेक्षा अवास्तव आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचा इतिहास आठवावा. गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयातले तरुण शिक्षक. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सभेच्या त्रैमासिकाच्या आणि सरकारकडे पाठवायच्या अर्जांच्या कामाला जुंपले. सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतले आकडे ताडून पाहायचे, मसुदा लिहायचा आणि रानड्यांपुढे ठेवायचा, हीच त्यांची शाळा. दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेचे मुख्याध्यापक, म्हणून लेखावर नाव घालण्याची सोय नाही, पण हिंदुस्थानच्या जमाखर्चावर त्यांच्याइतकी पकड फार थोड्यांची होती. या तालमीतून निघालेले गोखले १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा त्यांचे वय तीस होते. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले की शिल्लक दिसते ती लोकांच्या सुबत्तेमुळे नव्हे. रुपयाचा दर घसरत असताना वाढवलेले कर दर सावरल्यावरही तसेच ठेवले, म्हणून ती दिसते. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे धाडसाचे होईल, परंतु त्या भाषणाला उत्तर देणे सरकारला जड गेले हे खरे. डॉ. आंबेडकरांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथही अशाच कोरड्या सरकारी कागदांतून उभा राहिला. या दोघांच्या जयंत्या आपण परराज्यातही उत्साहाने साजऱ्या करतो. त्यांची वाचनाची रीत मात्र उचलत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक अप्रिय गोष्ट सांगतो. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारी मराठी माणसे मला येथे पुष्कळ भेटतात. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला. तो वाचलेला माणूस क्वचितच भेटतो. बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे असे आयोगाने म्हटले, हे सर्वांना पाठ. त्याच आयोगाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे म्हटले, अक्कलकोटकडचा भाग म्हैसूरला द्यावा असे म्हटले आणि केरळातील कासरगोडचाही विचार केला, हे दोन्ही बाजूंचे वक्ते सोयीने वगळतात. महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. माझे स्वतःचे मत महाराष्ट्राच्या बाजूचे आहे, ते लपवण्याचे कारण नाही. पण राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रतिपक्षाचा युक्तिवाद प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडता आला पाहिजे, आणि मगच तो खोडता आला पाहिजे. त्यासाठी येथे वाढलेल्या मराठी मुलांना कन्नड केवळ बोलता येऊन भागणार नाही, वाचता आले पाहिजे. ग्रामपंचायतीचे ठराव, विधानसभेतील चर्चा आणि बरेचसे शासन आदेश कन्नडमध्ये असतात. ज्या राज्यात राहतो त्याचे कागद वाचता येत नाहीत आणि तरी त्याच्या राजकारणावर निबंध लिहायचा, हा प्रकार मला समजत नाही.

लेखनाची अवस्था याहून वाईट आहे. वीस पानांचा प्रकल्प इंटरनेटवरून उतरवून, सुबक बांधणी करून सादर होतो, आणि आता तर यंत्रच तो लिहून देते. कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांपैकी अनेकांना एक पानाचे टिपण लिहिता येत नाही : प्रश्न काय, नियम काय, पूर्वी काय ठरले, पर्याय कोणते, माझी शिफारस काय आणि ती चुकली तर परिणाम काय. त्यांना माहिती पुष्कळ असते. मात्र कोणते विधान कायद्याचे, कोणते वर्तमानपत्राचे आणि कोणते स्वतःचे, ही वेगळी काढण्याची सवय नसते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की पदवीच्या वर्गात प्लेटो, कौटिल्य आणि रॉल्स शिकवायचे की सरकारी परिपत्रके? हा झगडा खोटा आहे. न्यायाची संकल्पना ज्याला समजली तोच प्रभागरचनेतील अन्याय ओळखेल, आणि ज्याने एकही प्रभाग नकाशावर पाहिला नाही त्याची न्यायाची संकल्पना परीक्षेनंतर महिनाभरही टिकणार नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. कर्नाटकाने २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांवर आणली. या काळात वर्षे किती यावर अमाप चर्चा झाली, त्या वर्षांत विद्यार्थ्याने हाताने काय करायचे यावर फारशी ऐकू आली नाही. एका वर्गात ऐंशी मुले, टिपणे तपासणार कोण, असे प्राध्यापक विचारतात तेव्हा त्यांची अडचण मला कळते. म्हणून माझी सूचना माफक आहे. अंतर्गत गुणांसाठीचे प्रकल्प बंद करावेत, आणि प्रत्येक सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने एकच मूळ कागद वाचून त्यावर वर्गात बसून, हाताने, एक पानाचे टिपण लिहावे. ऐंशी मुलांची ऐंशी पाने होतात. वीस पानांच्या ऐंशी प्रकल्पांची सोळाशे होतात, आणि ती आज कोणीही वाचत नाही.