शंभराच्या आतली मुले

विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावे, असे त्यांत म्हटले आहे. तत्त्वे स्वागतार्ह आहेत, याविषयी वाद नाही. वाद आहे तो शंभर या आकड्याविषयी.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या हजारो शाळांचा पट विसाच्याही आत आहे. मेळघाटातील किंवा अक्कलकुव्यातील द्विशिक्षकी शाळेने कोणत्या तज्ज्ञाशी संधान बांधायचे? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले होते. हा विकार पटसंख्या पाहून येत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही दूरध्वनिसेवा आहे, आणि ती उपयुक्तही आहे. परंतु नऊ वर्षांच्या मुलाकडे स्वतःचा फोन नसतो. तो बापाच्या खिशात असतो, आणि कित्येकदा सांगायचे असते ते बापाविषयीच.

हा विषय आरोग्यखात्याचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न काहींना पडेल. माझे म्हणणे असे की, या सेवेला मराठी समाजात जो सुशिक्षित विरोध होतो, त्याची भाषा आपणच पुरवलेली आहे. ‘आमच्या काळी कुठे होते समुपदेशक? तरी आम्ही घडलोच ना?’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत नित्य ऐकू येते. त्यामागे दारिद्र्याने आणि माराने माणूस घडतो, ही आत्मचरित्रांच्या वाचनातून मुरलेली समजूत असते. या युक्तिवादातली खोट उघड आहे. जे तरले, त्यांनी लिहिले. जे मोडले, त्यांच्या आठवणी कोणत्याही प्रकाशकाकडे गेल्या नाहीत. तरलेल्यांच्या साक्षीवरून बुडालेल्यांविषयी निवाडा करणे हे वाचनाच्या शिस्तीत बसत नाही, एवढे तरी आपण वाङ्मयाच्या शिक्षकांनी ओळखायला हवे.

शिवाय तरलेल्यांचीही साक्ष आपण नीट वाचली आहे काय? प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये बहिणीच्या आश्रयाने वाढणारा पोरका मुलगा आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडताना शाळा धरू पाहणारा मुलगा आहे. आपण परीक्षेत विचारतो काय? ‘सामाजिक वास्तवाचे चित्रण’, पंधरा गुण. जातिव्यवस्थेचा विचार केलाच पाहिजे. पण त्या व्यवस्थेचा घाव ज्या कोवळ्या मनावर पडला, ते मन आपल्या प्रश्नपत्रिकेत कधी आलेच नाही. दुसरीकडे प्रकाश नारायण संतांच्या लंपनचे आपण कौतुक करतो ते त्याच्या निरागसतेचे. आईवडिलांपासून दूर, आजोळी वाढणाऱ्या त्या मुलाचे एकटेपण आपण गोडव्यात विरघळवून टाकतो. बालपण एक तर सामाजिक दस्तऐवज किंवा स्मरणरंजन. तिसरी वाट आपल्या समीक्षेने फारशी चोखाळलेली नाही.

या उणिवेची किंमत वर्गात बसलेले मूल मोजते. त्याच्या दुःखाला शास्त्राने दिलेले शब्द ‘नैराश्य’, ‘चिंताविकृती’ असे असतात. मूल तसे बोलत नाही. ते म्हणते, पोटात गोळा येतो, करमत नाही, भ्या वाटतं, नुसतंच डोकं दुखतं. शिक्षक त्याला कामचुकार ठरवतो, घरचे अंगारा लावतात. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला तर हे सांगण्यासाठी आधी प्रमाण मराठीचा उंबरठा ओलांडावा लागतो. सेवा उपलब्ध असणे आणि ती मुलाच्या बोलीत उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून तज्ज्ञ शहरातून महिन्यातून एकदा पाठवण्याने काम भागणार नाही.

मग करावे काय? शाळेऐवजी केंद्र हे एकक धरावे. जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेत आसपासच्या शाळांचे केंद्र असते, त्याला केंद्रप्रमुख असतो. प्रत्येक केंद्राला त्याच परिसरातील, तीच बोली बोलणारा, पगारी समुपदेशक द्यावा. त्याचा प्रत्येक शाळेतील वार ठरलेला असावा आणि त्याच्या पाठीशी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ असावा. हे स्वप्नरंजन नाही. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या कामातून, योग्य प्रशिक्षण मिळालेली स्थानिक, बिगरडॉक्टर माणसेही नैराश्यासारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांत परिणामकारक मदत करू शकतात, हे दिसून आले आहे. ते काम प्रौढांबाबत होते हे खरे; मुलांसाठी वेगळे प्रशिक्षण लागेल. पण माणसेच मिळत नाहीत, ही सबब त्यानंतर टिकत नाही.

शिक्षकांनाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवावे, असा स्वस्त तोडगा हमखास पुढे येईल. त्याला ठाम विरोध करायला हवा. शिक्षकाने मुलाची घालमेल ओळखावी, हे योग्यच. परंतु ज्याच्या हाती गुण आणि शिक्षा दोन्ही आहेत, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करील, ही अपेक्षा भाबडी आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने शासकीय सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि त्यात बालकांसाठीच्या सेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेव्हा मागणी दयेची नाही, कायद्याच्या अंमलाची आहे. मराठी विभागांनी तिच्यात आपला वाटा उचलावा: आपापल्या जिल्ह्यातील मुले भीती, दुःख, एकटेपण कोणत्या शब्दांत सांगतात, याचा बोलीनिहाय कोश सिद्ध करून तो समुपदेशकांच्या हाती द्यावा. बोलींवर प्रबंध पुष्कळ झाले. त्यांतला एखादा तरी वीस पटाच्या शाळेतील मुलाच्या उपयोगी पडू द्या.